पाच धुनांचा अल्बम

जॅझ मला कधी आवडला नाही. नवऱ्यानं शेवटची काही वर्षं जीव ओतून तेच वाजवलं, तरी नाही आवडला. गाणं कुठून निघालं आणि कुठे चाललंय याचा पत्ता लागला नाही की माझं डोकं उठतं. पण त्याचा आणि चाचांचा अल्बम माझ्या फोनमध्ये आहे, आणि कुणी मागितला तर मी लगेच पाठवते. त्यात दोन सॅक्सोफोन आहेत आणि पाच धुना. ऐकून झाल्यावर लोक म्हणतात, छान आहे, पण लवकर संपतो. ठरल्या होत्या आठ. उरलेल्या तीन का नाहीत हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागतं, म्हणून मी आजवर विषय बदलत आले.

नवऱ्याला समोर मी 'अहो' म्हणायचे. कागदावर मात्र तो 'तो'च राहू दे, नाहीतर मला मोकळेपणानं लिहिता यायचं नाही. चाचा म्हणजे त्याचा जोडीदार. जुन्या नाशकात त्यांचं कुकर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. आमची मुलगी लहानपणापासून त्यांना चाचा म्हणते, तिचं ऐकून मीही म्हणायला लागले. नवरा सिन्नरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात होता आणि लग्नसराईत दोघं एकाच बँडमध्ये वाजवायचे. नवऱ्याकडे ऑल्टो, म्हणजे धाकटा सॅक्सोफोन, धारदार आवाजाचा. चाचांकडे टेनर, म्हणजे थोरला, भरदार. बँडच्या लाल कोटाची सोनेरी झालर दर मोसमात उसवायची आणि दर मोसमात मी शिव्या देत ती शिवायचे.

वरातीत धून तुटता कामा नये, ही बँडमालकाची पहिली ताकीद. नवरदेव घोड्यावर बसला की त्याला मारुतीला नेऊन मांडवाच्या दारात आणेपर्यंत सूर चालू राहिला पाहिजे. मध्येच थांबला तर नाचणारी पोरं शिव्या घालतात आणि मुलाकडच्या म्हाताऱ्या अपशकुन झाला म्हणून तोंडं वाकडी करतात. पण माणसाला श्वास तर घ्यावाच लागतो. म्हणून हे दोघं तो आळीपाळीनं घ्यायचे. एकाची छाती रिकामी होत आली की दुसऱ्याला कळायचं आणि तो आवाज चढवून पुढे व्हायचा. खूण नाही, इशारा नाही. वरातीच्या मागून चालताना मला वाटायचं, एकच माणूस वाजवतोय आणि त्याला श्वासाची गरजच नाही. मी नवऱ्याला म्हणायचे, तुमचं लग्न चाचांशीच लावायला हवं होतं, निदान मला झालर तरी शिवावी लागली नसती.

मग डीजे आले आणि बँडची कामं आटली. बँडमधल्या बाकीच्यांपैकी कुणी रिक्षा घेतली, कुणी भाजीची गाडी लावली. या दोघांना मात्र गंगापूर धरणाच्या बाजूला एका वाइनरीत काम मिळालं. द्राक्षबागेच्या कडेला ओटा, त्यावर खुर्च्या, रविवारी संध्याकाळी मुंबई-पुण्याचे पाहुणे. तिथल्या मॅनेजरनं पहिल्याच दिवशी सांगितलं, सिनेमाची गाणी नकोत, जॅझ वाजवा. दोघांनी माना डोलावल्या. बाहेर येऊन चाचांनी विचारलं, हे असतं काय?

फोनवर ऐकून ऐकून ते शिकले. आमच्या गच्चीवर सराव चालायचा आणि खालच्या मजल्यावरच्या बाई मला जिन्यात गाठून विचारायच्या, घरात कुणाचं काही बिनसलंय का. बोटं चालायला त्यांना वेळ लागला नाही. अडचण भलतीकडेच होती. जॅझमध्ये एक जण वाजवत असताना दुसऱ्यानं गप्प उभं राहायचं असतं, आणि वाजवणारा मधूनमधून मुद्दाम थांबतो, ती जागा रिकामीच ठेवायची असते. यांना ते जमेचना. नवरा थांबला की चाचांचा टेनर आपोआप आत घुसायचा. चाचा थांबले की नवरा. वर्षानुवर्षांची सवय, जाणार कशी? चाचांना तर ते मनातूनच पटत नव्हतं. माणूस समोर थांबलाय आणि आपण नुसतं बघत उभं राहायचं, ही कसली रीत, असं ते म्हणायचे. शेवटी त्यांनी एक युक्ती काढली. नवऱ्याची पाळी आली की ते दोन्ही हात पँटच्या खिशात घालून उभे राहायचे. पाहुण्यांना ती ऐट वाटायची.

तिथेच एका रविवारी इंदिरानगरचा एक तरुण आला होता. त्याचा छोटा स्टुडिओ होता, जाहिराती आणि निवडणुकीची गाणी करायचा, आणि त्या कामाला तो विटलेला होता. त्याला या दोघांचं वाजवणं इतकं आवडलं की त्यानं स्वतःच विचारलं, दोघांच्याच आठ धुनांचा अल्बम करू या का? ढोल-ताशाची, वरातीची, पाठवणीची जुनी चाल घ्यायची आणि ती इतकी संथ करायची, इतकी वळवायची की ओळखूच येऊ नये, असं दोघांनी ठरवलं. तालाला पुण्याहून दोन मुलं यायची. तीन धुना भराभर झाल्या. नवरा घरी यायचा तो चेहऱ्यावर असं काही घेऊन, की लग्नात सुद्धा मी त्याला इतका खूश पाहिला नव्हता. मला जरा हेवाच वाटला.

आता तोंडाचं सांगते. मी एका दातांच्या दवाखान्यात काउंटरला बसते. आमच्याकडे तंबाखू-सुपारीचा मावा खाणारा पेशंट आला की डॉक्टर आधी म्हणतात, हाताची तीन बोटं उभी एकावर एक धरा आणि तोंडात घाला. गेली तर बरं. नाही गेली तर आमचे डॉक्टर बोलायचे थांबतात आणि बॅटरी हातात घेतात. नवरा लग्नाच्या आधीपासून मावा खायचा. वरात निघायला उशीर झाला की बँडवाले दुसरं करणार काय? कात्रीनं पुडी कापायची, तळहातावर चोळायची, गालात ठेवायची. मी भांडून थकले होते. आणि एके दिवशी माझ्या लक्षात आलं की हा पाणीपुरी अख्खी तोंडात घालत नाही. पुरी फोडून तुकडे करून खातो. घरी येऊन मी त्याला ओट्यापाशी उभं केलं आणि म्हटलं, तीन बोटं घाला. दीड गेलं.

तो म्हणाला, मग काय झालं, माउथपीस जातोय ना. सॅक्सोफोनचं तोंड चपटं असतं, ओठांत धरायला बोटभर फट पुरते. तोंड मिटत चाललेला माणूस सॅक्सोफोन मात्र झकास वाजवत होता, आणि वाजवतोय म्हणजे ठीक आहे असं तो स्वतःला सांगत होता. गालाच्या आत, डाव्या बाजूला, एक जखम होती. ती भरत नाही हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्या जखमेचा तुकडा तपासायला गेला आणि जे यायचं तेच आलं. कॅन्सरच्या डॉक्टरांनी कागदावर चेहरा काढून दाखवला. डाव्या बाजूचा गाल आणि खालच्या जबड्याचं हाड काढावं लागेल, छातीची कातडी आणून तिथे लावू. नवऱ्यानं विचारलं, फुंकता येईल? डॉक्टर म्हणाले, नाही. मग म्हणाले, अजून हाडाच्या वरवर आहे, उशीर करू नका, गळ्यात उतरलं तर माझ्या हातात फारसं राहणार नाही.

नवऱ्यानं बाहेर येऊन मला सांगितलं, आधी अल्बम.

मी काय काय केलं नाही. रडले, ताट आपटलं, मुलीच्या शपथा घातल्या, त्याच्या मोठ्या भावाला बोलावून आणलं. तो शांतपणे गोळ्या घ्यायचा आणि स्टुडिओत जायचा. पुण्याच्या मुलांच्या तारखा मिळत नव्हत्या, मिळाल्या तर स्टुडिओत दुसरं काम निघायचं. चौथी धून झाली. पाचवी झाली. दर वेळी त्याचा गाल थोडा अधिक वर आलेला दिसायचा. एकदा तो म्हणाला, "नंतर मला फक्त जगायचंच आहे. एवढं राहू दे मागे." मला ते कळत होतं. कळत होतं म्हणून जास्तच संताप यायचा. ज्या धुना मला ऐकवतही नव्हत्या त्यांच्यासाठी माझं माणूस जाणार होतं.

शेवटी मी चाचांच्या दुकानात गेले. त्यांच्या पुढ्यात एक कुकर उघडा पडला होता. नवऱ्यानं त्यांना एवढंच सांगितलं होतं की दाढ दुखतेय. मी डॉक्टरांनी काढलेला चेहरा त्यांना शब्दांत काढून दाखवला. त्यांनी कुकरचं झाकण खाली ठेवलं, आणि कितीतरी वेळ ते रबराची रिंग बोटांत फिरवत बसले. मी म्हटलं, चाचा, तुमचं तो ऐकेल, त्याला समजवा.

"समजावून नाय ऐकणार, भाभी," चाचा म्हणाले. "त्याला मरायची भीती नाय. त्याला बेसूर व्हायची भीती आहे. मैं देखता हूँ."

काय करणार तेही त्यांनी सांगितलं. पुढच्या धुनेच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणायचं की तुझा सूर गेला, आता तुझ्याबरोबर वाजवणार नाही. मग तो स्वतःच सॅक्सोफोन खाली ठेवेल. मी लगेच म्हटलं, सांगा. मला त्यात काही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. माणूस वाचत असेल तर मी याहून मोठं खोटं बोलायला तयार होते.

सहाव्या धुनेच्या दिवशी मी डब्यात मऊ खिचडी घेऊन सोबत गेले. काचेच्या अलीकडे, त्या तरुणाच्या शेजारी बसले. दोघांनी वाजवलं. मला ते आधीच्या पाचांसारखंच वाटलं, म्हणजे कुठून कुठे चाललंय ते न कळणारं. मग सगळे काचेच्या अलीकडे आले, चाचांनी हेडफोन लावला आणि झालेलं परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. डोळे मिटून ते इतका वेळ बसले की मला वाटलं, चाचा नाटकात असते तर बरं कमावलं असतं.

त्यांनी हेडफोन काढला. नवऱ्याकडे न बघता म्हणाले, "तुझा सूर गेला. ह्याच्यावर माझं नाव नको. पाच झाल्या, बस झालं."

तो तरुण मध्ये पडला, म्हणाला, काका, मला तर ठीक वाटलं. चाचा त्याच्यावर असे खेकसले की तो गप्पच झाला.  नवऱ्यानं माउथपीसची पट्टी, म्हणजे रीड, काढली, फडक्यानं पुसली, डबीत ठेवली. सॅक्सोफोनचे भाग सुटे करून एकेक पेटीत ठेवताना त्याचे हात नेहमीसारखेच चालत होते, फक्त कान लाल झाले होते. ज्या माणसानं इतकी वर्षं त्याचा प्रत्येक श्वास झेलला, त्यानं चार लोकांत त्याला टाकून दिलं होतं. रिक्षात मी त्याचा हात धरला तर त्यानं तो सोडवून घेतला. घरी आल्यावर म्हणाला, "डॉक्टरांची तारीख घे."

मला हवं होतं ते झालं. मी देवापुढे दिवा लावला आणि तिथेच बसून रडले.

ऑपरेशन मोठं झालं. नंतरच्या दिवसांचं मी फार लिहिणार नाही. नाकातल्या नळीनं पातळ पेज द्यायची, तोंडातून सतत गळणारी लाळ टिपायची, आणि तो आरशाकडे बघणार नाही अशा बेतानं खुर्ची ठेवायची. बोलणं हळूहळू आलं, पण ते घरातल्यांनाच समजायचं. चाचा रोज यायचे. पहिल्या दिवशी ते खोलीत आले तेव्हा नवऱ्यानं डोळे मिटून घेतले आणि ते जाईपर्यंत उघडले नाहीत. त्यानंतर चाचा खालीच, हॉस्पिटलच्या पार्किंगपाशी कठड्यावर बसून राहायचे. घरून गाळलेलं सूप आणायचे. मी ते नळीतून द्यायचे आणि कुठून आलं ते सांगायचे नाही. रेडिएशनला नेताना-आणतानाही त्यांचीच ओमनी असायची, फक्त चालवायला त्यांचा पुतण्या बसायचा.

दरम्यान त्या तरुणानं पाच धुनांचाच अल्बम इंटरनेटवर टाकला. कव्हरला वाइनरीच्या ओट्यावरचा फोटो होता, एक वाजवतोय आणि दुसरा खिशात हात घालून उभा. कारखान्यातल्या लोकांनी ऐकला, नातेवाइकांनी ऐकला. नवऱ्यानं ऐकला नाही. मुलीनं एकदा लावला तर त्यानं हातानं बंद कर म्हणून खुणावलं. मला वाटलं, चाचांचा राग. ते निम्मंच खरं होतं. एकदा भर दुपारी, मी कपड्यांच्या घड्या करत असताना, त्यानं मला विचारलं, "तुला काय वाटतं, माझा सूर कधीपासून गेला असेल? पाचवीपासून? तिसरीपासून?" मी म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं. त्यानं मान हलवली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हा इतके महिने याच एका प्रश्नावर पडून आहे. मागे ठेवायला म्हणून जे केलं, त्यातलं किती खरोखर चांगलं होतं हेच त्याला माहीत नव्हतं.

गळ्यात गाठ आली ती पावसाळा संपता संपता. या वेळी डॉक्टरांनी कागदावर काही काढलं नाही. घरी न्या, त्रास कमी होईल एवढं बघू, असं म्हणाले.

आता लपवून काय करायचं होतं? मी त्याला उशीला टेकवून बसवलं आणि सगळं सांगितलं. मी दुकानात गेले ते, चाचांनी जे ठरवलं ते. म्हटलं, "चाचा खोटं बोलले होते. तुमचा सूर कुठेही गेला नव्हता." मला वाटलं, त्याच्या डोक्यावरचा दगड उतरेल.  तो म्हणाला, "बोलव त्याला."

चाचा त्याच संध्याकाळी आले.  नवऱ्यानं पलंगाच्या कडेवर हात आपटून बसायची खूण केली. मग जमेल तितकं स्पष्ट म्हणाला, "ही म्हणते, तू खोटं बोललास."

चाचांना त्याचं बोलणं पहिल्याच वेळी समजलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नवऱ्याच्या मागे उभी होते. मी जोरजोरात मान हलवली, हात जोडले. फक्त 'हो' म्हणायचं होतं. हो यार, खोटं होतं, एवढे चार शब्द.

"नाय," चाचा म्हणाले. "खोटं नव्हतं."

 चाचांनी खिशातून फोन काढला. ती सहावी धून त्यांच्याकडे होती. त्यांनी ती लावली आणि फोन नवऱ्याच्या उजव्या कानापाशी धरला. तो डोळे मिटून ऐकत होता. मध्येच त्यानं बोट वर केलं. "इथं."

"हां, इथं," चाचा म्हणाले. "डाव्या कोपऱ्यातून हवा गळतेय. पुढं वरचा सूर खाली बसलाय, बघ."

त्यांनी ते परत लावलं. परत ऐकलं. दोघांची डोकी त्या एवढ्याशा फोनवर वाकली होती, आणि ते एका मरणाऱ्या माणसाच्या चुका एकेक करून मोजत होते, गच्चीवर सराव करायचे तसे. मला चाचांना घराबाहेर काढावंसं वाटलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी हलवली. तिथे मला नवऱ्याचा आवाज ऐकू आला.

"आणि पाचवी?"

"पाचवी साफ आहे."

"चौथी?"

"पाचही साफ आहेत. सहावी साफ असती तर सोडली असती का मी?"

 मग नवऱ्याचं ते अर्धं हसू ऐकू आलं, ऑपरेशननंतर त्याच्या हसण्याचा एक घरघरता आवाज झाला होता. तो म्हणाला, "मग ठीक आहे."

चाचा निघाले तेव्हा मी त्यांच्या मागोमाग जिना उतरले. राग आवरत नव्हता. म्हटलं, चाचा, त्याचे किती दिवस राहिलेत हे तुम्हाला ठाऊक आहे, एवढं एक खोटं तुम्हाला बोलवलं नाही?

चाचा स्कूटरपाशी थांबले. म्हणाले, "भाभी, त्या दिवशी मी खोटं बोलायचंच ठरवून आलो होतो. हेडफोन लावला आणि ऐकलं. खोटं बोलायची गरजच पडली नाय."

मग ते पाठ फिरवून स्कूटर काढायला लागले, आणि तोंड पुसायला त्यांना रुमाल सापडेना. ते गेल्यावर मी वर जायला वळले, तर वरून सॅक्सोफोनचा आवाज आला. नवऱ्यानं स्वतःच्या हातानं अल्बम लावला होता. पहिली धून होती. मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि पाचवी संपेपर्यंत वर गेले नाही.